तोच शॉट पुन्हा लाव

नोव्हेंबरातली संध्याकाळ. इथे इंग्लंडात त्या दिवसांत साडेचारलाच दिवे लागतात. कॉलेजच्या ओपन इव्हिनिंगला पोचलो तेव्हा जेमतेम सात वाजले होते, पण अपरात्री कुठेतरी निघाल्यासारखं वाटत होतं. लेक तेव्हा पंधरा वर्षांची. तिच्या हातात कॉलेजचा नकाशा होता आणि त्यावर तिने तीन खोल्यांभोवती पेनाने गोल काढले होते. इतिहास, इंग्रजी साहित्य आणि फिल्म. पहिल्या दोन गोलांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

फिल्मच्या खोलीला जाड काळे पडदे होते. शिक्षिकेने विषयाची ओळख वगैरे काही करून दिली नाही. मुलं आणि आईबाप खुर्च्यांवर टेकले तसा तिने आवाज बंद ठेवून एक तुकडा दाखवला. आधीच्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याने केलेला, चाळीसेक सेकंदांचा. एक बाई स्वयंपाकघरात उभी आहे, खिडकीतून बाहेर बघते, थोड्या वेळाने दिवा मालवते. बस्स. "काय पाहिलंत?" शिक्षिकेने विचारलं. कोणी म्हणालं, तिचा नवरा घर सोडून गेला. कोणी म्हणालं, मुलगा. मला तर गाडी वळणावरून निघून जाताना दिसली होती. तिने तोच तुकडा पुन्हा लावला. खिडकीबाहेर काहीही नव्हतं. काळी काच होती आणि काचेत त्या बाईचंच धूसर प्रतिबिंब. ती गाडी माझी होती, सिनेमातली नव्हती.

परतताना बसमध्ये लेक काही बोलली नाही. मीही बोलले नाही. पण रात्री झोपताना ती काळी काच डोळ्यांपुढून हलेना.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा होते, साधारण आपली दहावी. पुढची दोन वर्षं म्हणजे सिक्स्थ फॉर्म. काही मुलं आपल्याच शाळेत राहतात, काही स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजात जातात. बहुतेकांचे विषय तीनच असतात. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशा भिंती नाहीत. गणित, जीवशास्त्र आणि फिल्म असे तीन विषय घेतले तरी चालतं. सरकारी कॉलेजात फी नसते. दोन वर्षांनी तिन्ही विषयांची ए-लेव्हलची परीक्षा, तिन्हींना सारख्याच श्रेणी.

कागदावर सारख्या. लोकांच्या मनात तसं नसतं. "सिनेमा बघायला कॉलेजात कशाला जायला पाहिजे?" माझ्या भावाने कोल्हापुराहून फोनवर विचारलं, आणि त्याच्या आवाजात खरीच काळजी होती. इथले लोक हेच जरा सभ्य शब्दांत म्हणतात. देशातल्या नावाजलेल्या विद्यापीठांच्या रसेल ग्रुपने 2011 साली मुलांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. कुठले विषय घेतले तर पदवीचे जास्त दरवाजे उघडे राहतात, त्याची एक छोटी यादी तिच्यात होती. गणित, भौतिकशास्त्र, इतिहास, भूगोल वगैरे. फिल्म त्यात नव्हती. 2019मध्ये त्यांनी ती यादी रद्द केली, पण आईबापांच्या डोक्यातून यादी इतक्या सहज जात नाही. माझ्याही गेली नव्हती. परदेशात आलेल्या माणसाला मुलांच्या विषयनिवडीची जी भीती असते ती वेगळीच. इथे आपल्यामागे ना जमीन, ना ओळखीपाळखी. पोरीने हातात काहीतरी पक्कं धरावं असंच वाटतं. मी इथे वीस वर्षं हिशेबाच्या कामात काढली आहेत. पक्कं म्हणजे काय, याची माझी व्याख्या त्यातूनच आलेली.

आणि मी कोल्हापूरची. शिकवणीला जाताना खरी कॉर्नरपाशी कॅमेरा स्तंभ लागायचा. वर्षानुवर्षं मी त्याच्याजवळून सायकल मारत गेले, पण थांबून वर बघितल्याचं एकदाही आठवत नाही. बाबूराव पेंटरांनी सोबत्यांना घेऊन स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 साली 'सैरंध्री' केला, हे सगळं त्याच गल्लीबोळांत घडलं. 'प्रभात'ही 1929मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली. 1933मध्ये ती पुण्याला गेली आणि पुढे तिच्याच आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. माझे वडील चित्रकलेचे शिक्षक. कागदावर रेघ ओढायच्या आधी वस्तूकडे पाच मिनिटं नुसतं बघा, असं ते वर्गात सांगायचे. पण सिनेमा म्हटलं की त्यांच्या लेखी तो वेळेचा नाश. पाच मिनिटं बघण्याचा तोच धडा सिनेमालाही लागतो, असं त्या गावात आम्हाला कोणी सांगितलं नाही. ही खंत मला लेकीचा अभ्यासक्रम हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवली.

अभ्यासक्रम मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. एज्युकास नावाच्या बोर्डाचा होता. अकरा सिनेमे. 1930 ते 1990मधले हॉलिवूडचे दोन, एक जुन्या स्टुडिओंच्या काळातला आणि एक 1961नंतरचा, शेजारी शेजारी ठेवून अभ्यासायचे. 2005नंतरचे अमेरिकन दोन, 1995नंतरचे ब्रिटिश दोन. युरोपातला एक, युरोपबाहेरचा एक. एक माहितीपट. एक मूकपट. आणि एक प्रायोगिक म्हणावा असा, ज्यात गोष्ट सांगायची नेहमीची रीत मोडलेली असते. दोन लेखी परीक्षा, प्रत्येकी अडीच तासांची, प्रत्येकीला 35 टक्के. उरलेले 30 टक्के स्वतः केलेल्या कामाला.

परीक्षेत सिनेमा दाखवत नाहीत. मुलांनी तो डोक्यात घेऊनच यायचं. यामुळे आमच्या घरात एक मजेशीर दृश्य सुरू झालं. लहानपणी आम्ही संध्याकाळी दिवा लावून रामरक्षा म्हणायचो, तशी लेक जेवणानंतर एकेक प्रसंग पाठ म्हणायची. "कॅमेरा खालून बघतोय. डावीकडून एकच दिवा. ती बोलते तेव्हा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. मग कट. मग हात." मी भांडी आवरत ऐकत असे. हे पाठांतर वेगळ्या जातीचं होतं. प्रत्येक ओळीमागे एक 'का' होता. पाठ का दाखवली? त्या वेळी दुसरं काय दाखवता आलं असतं? तिच्या शिक्षिकेचं एक वाक्य घरात म्हणीसारखं वापरलं जाऊ लागलं: तो शॉट तिथे आपोआप आलेला नाही, कोणीतरी तो निवडलाय. एरवी कोणी काही गृहीत धरून बोललं की लेक म्हणायची, "आई, तोच शॉट पुन्हा लाव."

एका शनिवारी मी वॉशिंग मशीनसमोर उभी होते. धुणं संपायला तीन मिनिटं बाकी होती, म्हणून नुसती थांबले होते, मनात काही नव्हतं. लेक दारातून म्हणाली, "आई, हलू नकोस." तिने फोनवर माझा चेहरा टिपला. रात्री तिने मला तीन तुकडे दाखवले, प्रत्येकी दहा-बारा सेकंदांचे. पहिल्यात माझा चेहरा, मग गॅसवर उतू जाणारं दूध, पुन्हा माझा चेहरा. दुसऱ्यात माझ्या दोन चेहऱ्यांच्या मधे कॉलेजचं बंद पाकीट. तिसऱ्यात भिंतीवरचा माझ्या वडिलांचा फोटो, ते जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिसरा तुकडा बघताना माझे डोळे भरून आले. पडद्यावरची बाई इतकी दुःखी होती. आणि ती तर धुणं संपायची वाट बघत होती!

हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्हने केला होता. त्याने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडला आणि दर वेळी बघणाऱ्यांना त्यात वेगळी भावना दिसली. पुस्तकातून हे कळलं असतं तर मी मान डोलावून पुढे गेले असते. आपल्याच चेहऱ्यावर कळलं की विसरता येत नाही. बातम्यांमध्ये मोर्चाचं एक दृश्य आणि त्याला लागून एखाद्या नेत्याचा हसरा चेहरा आला की आता मी थांबते. हा नेता त्या मोर्चाला हसला का? की ही दोन चित्रं कोणी शेजारी बसवली? सोळा वर्षांच्या पोरांना दिवसातले कितीतरी तास असली जोडलेली चित्रं बघावी लागतात. त्यांना ही जोडणी उलगडून दाखवणाऱ्या विषयाला सोपा कसं म्हणायचं, हे मला आता खरोखर कळत नाही.

लेकीच्या वर्गाने मूकपटासाठी झिगा व्हर्टोव्हचा 1929चा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' घेतला होता. त्यात नायक नाही, गोष्ट नाही, वाचायला पाट्याही नाहीत. शहर उठतं, काम करतं, खेळतं, आणि कॅमेरा खांद्यावर घेतलेला एक माणूस त्यातून फिरत असतो. तो कॅमेरामन म्हणजे दिग्दर्शकाचा सख्खा भाऊ, मिखाईल काउफमान. पहिल्या दहा मिनिटांत मला कंटाळा आला, हे कबूल करते. मग मधेच चित्र थांबतं. धावता घोडा जागीच गोठतो, माणसांचे चेहरे गोठतात. आणि टेबलापाशी बसलेली एक स्त्री दिसते. हातात फिल्मची पट्टी, मागे फळीवर नीट लावलेली रिळं. ती पट्टी उजेडात धरून बघते, कापते, जोडते, आणि पट्टीतली गोठलेली मुलं हसू लागतात. ही येलिझावेता स्विलोव्हा, या सिनेमाची संकलक आणि व्हर्टोव्हची बायको. मी लेकीला तो भाग चार वेळा लावायला सांगितला.

मग मी तिला सरस्वतीबाईंबद्दल सांगितलं. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढायचा ठरवला तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने दिले, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी अंधारात बसून फिल्मच्या पट्टीला भोकं पाडली, रसायनं कालवली, चित्रीकरणात ऊन परतवायला पांढरी चादर धरून त्या उभ्या राहिल्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. लेकीने वहीत नाव लिहून घेतलं. मग विचारलं, "त्या पडद्यावर दिसतात का, स्विलोव्हासारख्या?" चादरीवरून परतलेलं ऊन दिसतं, एवढंच मला सांगता आलं.

फाळक्यांच्या चरित्राकडे मी वळले ते त्या प्रश्नानंतर, आणि तिथे मला एक ओळखीचं गाव भेटलं. वॉल्टन-ऑन-थेम्स. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथल्या सुपरमार्केटात आम्ही कितीदा गेलो असू. 1912च्या सुरुवातीला फाळके लंडनला आले. वय 41. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून काढलेले पैसे जवळ, आदल्या वर्षी सिनेमे बघून बघून डोळे काही काळ गेलेले, ओळखीचं कोणी नाही. ते 'बायोस्कोप' साप्ताहिक वाचत असत, म्हणून सरळ त्याच्या कचेरीत गेले आणि संपादक केबर्न यांना भेटले. या धंद्यात पडू नका, असंच केबर्न यांनी आधी सांगितलं. माणसाचा पक्का निश्चय दिसल्यावर त्यांनीच त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांचा स्टुडिओ वॉल्टनला. तिथे फाळक्यांनी काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि परत मुंबई गाठली. 3 मे 1913ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

एका रविवारी आम्ही दोघी वॉल्टनला गेलो, या वेळी सुपरमार्केटला नाही. हेपवर्थ यांच्या स्टुडिओची वीज जिथे तयार व्हायची ती इमारत आज छोटं नाट्यगृह आहे. फाळके आले तेव्हा ती नव्हती, नंतरची आहे. पण नदी तीच. थंडी चांगलीच होती, थेम्सवर हंस होते, काठावर कोणी कुत्रं फिरवत होतं. हेपवर्थ यांचा 1905चा एक सिनेमा घरच्या कुत्र्यावरच आहे. तो पळवलेल्या बाळाला शोधून काढतो. त्या सिनेमाला इतकी मागणी आली की छापून छापून निगेटिव्ह झिजलं आणि तो दोनदा पुन्हा चित्रित करावा लागला. लेकीला हे आधीच माहीत होतं. मला माहीत होतं ते एवढंच, की इथे एक मराठी माणूस चाळिशी उलटल्यावर विद्यार्थी होऊन आला होता. त्याच्यामागे त्र्यंबकेश्वरचं भिक्षुकाचं घर होतं, आणि पुढे काय होतं ते त्यालाही माहीत नव्हतं. मी ज्याला पक्कं म्हणते तसलं काहीच त्याच्या हातात नव्हतं.

परतल्यावर फाळक्यांनी भांडवलवाल्यांना पटवण्यासाठी आधी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना थोडा थोडा टिपत नेला. लेकीने ते करून बघायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत कपात वाटाणा पेरला, पुस्तकांच्या चवडीवर फोन, रोज सकाळी त्याच वेळी एक फोटो. महिनाभर कोणी तो कप हलवायचा नाही असा घरात नियम. तीस दिवसांचे तीस फोटो तिने सलग लावले. सेकंदाला 24 चित्रं या हिशेबाने पूर्ण महिन्याचा सिनेमा झाला सव्वा सेकंदाचा. कोंब वर येतो, एकदा उजवीकडे झुकतो, संपलं. तिने तो मला पंचवीस-तीस वेळा तरी दाखवला असेल. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला त्या सव्वा सेकंदात काय कळलं ते शब्दांत नीट मांडता येत नाही. महिनाभराचं काम इतकं लहान असू शकतं आणि तरी ते पुरं असतं.

दुसऱ्या वर्षी तिचं स्वतःचं काम आलं. शॉर्ट फिल्म करायची किंवा पटकथा लिहायची, यातलं एक निवडायचं. फिल्म चार ते पाच मिनिटांचीच असली पाहिजे, आणि सोबत 1600 ते 1800 शब्दांत आपल्याच कामाची चिकित्सा. तिने फिल्म घेतली. गोष्ट साधी होती. एका मुलीला कॉलेजात काहीतरी झालंय, ते घरी सांगायचंय, आणि ती जिन्यात बसून राहते. मुलीचं काम तिच्या मैत्रिणीने केलं. आई मी.

माझा प्रसंग स्वयंपाकघरातला. मी वळते, मुलीला विचारते, "काय झालं गं?" एवढंच वाक्य. ते मी अकरा वेळा म्हटलं. दुपारचा उजेड खिडकीतून येतो तो अर्ध्या तासातच सरतो, म्हणून दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी नवव्या वेळेला ते वाक्य मला जमलं. माझं मलाच कळलं. लेक कॅमेऱ्यामागून काही बोलली नाही, पण तिने मान हलवली.

पहिली जुळणी नऊ मिनिटांची झाली. निम्मी कापायची होती. त्यानंतरचे तीन आठवडे घरात परीक्षेपेक्षा जास्त ताण होता. रात्री तिच्या खोलीतून तेच आवाज पुन्हा पुन्हा यायचे. दार, पावलं, माझं वाक्य. दार, पावलं, माझं वाक्य. एका रात्री ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, दार आणि पावलं येतात, पुढे वाक्य येत नाही.

सकाळी ती चहा घेऊन माझ्याजवळ बसली. "आई, तुझा शॉट काढला," म्हणाली. "तो चांगला होता. म्हणूनच काढला. तू विचारलंस की बघणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं. मला त्यांना सोडायचं नाहीये." तिला वाईट वाटलं होतं, आणि तरी तिने तो काढला होता. पंधराव्या वर्षी नकाशावर गोल काढणारी पोर आता अठराची होत आली होती. मी तिला विचारलं, वाक्य जमलं होतं ना? "नवव्याला," ती म्हणाली.

मे महिन्याच्या आधी कॉलेजात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. तीच खोली, तेच काळे पडदे. तिची फिल्म चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांची. मुलगी दार उघडून आत येते, बूट न काढता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते. कॅमेरा तिच्यावरच राहतो, बराच वेळ. स्वयंपाकघर दिसत नाही. आतून भांडी घासून रॅकमध्ये लावल्याचा आवाज येत राहतो. आधी पातेली, मग ताटं, मग वाट्या, मग मूठभर चमचे. मग नळ बंद होतो. मुलगी मान वर करते.

माझ्या पुढच्या रांगेत कोणाचे तरी वडील बसले होते. नळ बंद झाला तसे ते किंचित पुढे झुकले आणि जिन्यापलीकडच्या न दिसणाऱ्या दाराकडे बघू लागले.